हॅचबॅकच्या मागे बारा एमएमचा पलंग

गाडीत झोपायचं म्हणून पुढची सीट पाडून रात्र काढणारे सकाळी मान धरून उठतात. त्यावरचा साधा उपाय म्हणजे मागची सीट दुमडून तिच्यावर बसणारा, काढता-घालता येणारा प्लायचा पलंग. मोठ्या एसयूव्हीसाठी तयार किट मिळतात. पाच सीटच्या उंच हॅचबॅकसाठी मात्र सगळं स्वतःच मोजून करावं लागतं. ४ जानेवारी २०२५ ला टेप हातात घेतला आणि २२ मार्चला काम संपलं. मधले अकरा आठवडे कामात कमी आणि वाट बघण्यात जास्त गेले. खर्च एकूण १०,१०० रुपये.

पहिला शनिवार मोजमापात गेला. इथे घाई केली की पुढे प्लाय वाया जातो. गाडीच्या आत काटकोन नावाची गोष्ट नसते. डिकी तळाशी अरुंद असते, वर रुंदावते, आणि मधे चाकांचे उंचवटे आत येतात. तीन मापं घ्यायची. पहिलं लांबीचं : पुढच्या दोन्ही सीट पूर्ण पुढे सरकवून, हेडरेस्ट काढून, मागचं दार बंद करून आतून. ते १७४ सेंमी भरलं. दार उघडं ठेवून मोजलं तर तीन-चार सेंमी जास्त येतात आणि मग दार लागत नाही. दुसरं रुंदीचं : चाकांच्या उंचवट्यांमधलं सगळ्यांत अरुंद अंतर, ९८ सेंमी. तिसरं उंचीचं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. दुमडलेली सीट सपाट नसते, ती पुढे चढत जाते. डिकीच्या तळापासून तिचा मागचा काठ १७ सेंमीवर होता आणि पुढचा साडेबावीसवर. पलंगाची उंची ठरते ती सगळ्यांत उंच जागेवरून. म्हणजे प्लायचा खालचा पृष्ठभाग २२.८ सेंमीवर आणि वरचा २४ वर. ही आमच्या गाडीची मापं आहेत. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत सीटकव्हर किंवा मॅटची जाडी वेगळी असली तरी ती बदलतात, त्यामुळे उचलून वापरू नका.

मापं झाल्यावर थेट प्लायकडे जाऊ नका. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिन्ही फळ्यांचे साचे करा, गाडीत ठेवा, दारं लावून बघा. पुठ्ठ्याच्या साच्यानेच कळलं की डावीकडच्या उंचवट्यावरचं प्लास्टिक उजवीकडच्यापेक्षा थोडं जास्त पुढे आलंय. ९८ ऐवजी रुंदी ९६ धरली आणि लांबी १७४ ऐवजी १७२.

साचे तयार झाले तरी लाकूड घेतलं नाही, कारण आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ(४) नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मागची सीट बोल्ट खोलून काढली तर नोंदलेली आसनसंख्या आणि प्रत्यक्षातली गाडी यांचा मेळ राहत नाही. व्हिडिओंमध्ये मात्र सर्रास सीट काढूनच पलंग बसवलेला दिसतो. १३ जानेवारीला आरटीओ कचेरीत जाऊन विचारलं. रांगेत दीड तास, उत्तराला एक मिनिट : सीट काढू नका, पत्र्याला भोक पाडू नका, सामान म्हणून ठेवा आणि उतरवा. विमा कंपनीला ६ तारखेला मेल केला होता, त्याचं उत्तर १० तारखेला आलं. सुट्या सामानाला गाडीच्या विम्याचं संरक्षण नाही, पण त्याने पॉलिसीला बाधाही येत नाही. हा मेल छापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. यातून आराखड्याची अट ठरली : गाडीत एकही नवीन भोक नाही आणि सगळं दहा मिनिटांत बाहेर.

१८ जानेवारीला पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. प्लाय घेताना दुकानदार तीन नावं सांगतो : एमआर (दमटपणा सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) आणि मरीन. एमआर हा घरातल्या कोरड्या कामाचा. उन्हात तापलेल्या, पावसात ओल धरलेल्या गाडीत त्याचे पदर सुटतात. मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा, उत्तम पण महाग आणि या कामाला गरजेपेक्षा जास्त. मधला बीडब्ल्यूआर, आयएस ३०३ चा शिक्का बघून घेतला. बारा एमएम, आठ बाय चार फूट, ८५ रुपये चौरस फूट, म्हणजे २,७२० रुपये. अठरा एमएम घ्यायचा मोह होतो. पण वजन दीडपट होतं, आणि हा पलंग दर वेळी हाताने उचलायचा आहे. फळी जाड करण्यापेक्षा खाली आधार जवळ-जवळ देणं परवडतं. शीट घेताना काठावरून डोळा लावून बघा. पदरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट नको, कारण स्क्रू नेमका त्याच पोकळीत जातो.

पूर्ण शीट हॅचबॅकमध्ये मावत नाही. तिथेच कापून घेतली तर टेम्पोचे पैसे वाचतात. कटिंगचे ३५० रुपये झाले. सकाळी अकराला नंबर लावला, हातात तुकडे संध्याकाळी चारला आले. कापायचा हिशेब असा : शीटच्या १२२ सेंमी रुंदीतून ९६ रुंदीच्या तीन फळ्या : लांबीला एक ६८ ची आणि दोन ५२ च्या. या १७२ सेंमी लांबीत बसतात. बाजूला उरते २६ सेंमीची पट्टी, तिच्यातून ९४.४ बाय २२.८ ची एक उभी फळी. शेवटी उरणाऱ्या ७१ सेंमीच्या तुकड्यातून ६४ बाय २२.८ च्या तीन उभ्या फळ्या. एका शीटमध्ये सगळं बसतं, पण करवतीचं पातं दर कापाला तीन एमएम खातं ते धरायला विसरू नका. आणखी एक : कारागीर इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजतो, तुमचा कागद सेंमीत असतो. २२.८ म्हणजे नऊ इंच, हे चालून जातं. ९४.४ म्हणजे ‘सदतीस इंच एक सूत’ असं तोंडी सांगण्यापेक्षा त्याच्या हातात सेंमीचा टेप द्या आणि रेघ स्वतः मारा.

आता रचना. ६८ सेंमीची फळी ‘अ’ डिकीत बसते. तिच्याखाली खोका : पुढे ९४.४ ची आडवी भिंत, तिला काटकोनात तीन उभ्या फळ्या, मागचं तोंड उघडं. त्यामुळे डिकीचं दार उघडलं की साडेपंचेचाळीस सेंमी रुंदीचे दोन कप्पे मिळतात. एकात स्टोव्ह आणि भांडी, दुसऱ्यात पाणी आणि दोऱ्या. ५२ ची ‘ब’ दुमडलेल्या सीटवर टेकते. ५२ ची ‘क’ मागच्या सीटपुढच्या पाय ठेवायच्या खड्ड्यावर येते आणि दोन पायांवर उभी राहते.

बारा एमएम प्लायच्या काठात स्क्रू मारू नका. पदर फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्याला जोड ढिला होतो. प्रत्येक कोपऱ्यात २५ बाय २५ एमएमची पाइनची पट्टी, फेविकॉल आणि पट्टीत शिरणारे ४ बाय ३० एमएमचे स्क्रू, आधी अडीच एमएमचं भोक पाडून. पट्ट्या आणि ‘क’च्या दांडीचं लाकूड मिळून ३२० रुपये. २५ जानेवारीला एक दिवस सुतार घेतला, मजुरी १,२००. गुण्या (सुताराचा काटकोन्या) लावून खोका काटकोनात धरणं एकट्याच्या हातचं काम नाही, निदान फेविकॉल ओला असताना तरी.

आणि तिथेच आराखड्यातली मोठी चूक बाहेर आली. दोन्ही लांब बिजागऱ्या (दुकानात पियानो बिजागरी मागायची, तीन फुटी, जोडीला ४४० रुपये) वरच्या बाजूने लावायच्या असं कागदावर होतं. ‘क’ ही ‘ब’वर दुमडली. मग दोन्ही मिळून ‘अ’वर दुमडायला गेल्यावर मधे ‘क’ची जाडी आली, आणि जोर दिल्यावर बिजागरीचे स्क्रू उपटले. घडी नागमोडी हवी. ‘अ’ आणि ‘ब’मधली बिजागरी वरून, ‘ब’ आणि ‘क’मधली खालून. म्हणजे ‘क’ आधी ‘ब’च्या पोटाखाली जाते, मग दोन्ही उलटून ‘अ’वर येतात. याचा दुसरा फायदा नंतर लक्षात आला. बिजागरी खाली असली की वजन पडल्यावर फळ्यांचे वरचे काठ एकमेकांना भिडतात आणि जोड खाली जात नाही. वरून बिजागरी असलेला जोड मात्र वजनाखाली उघडतो, म्हणून ‘अ-ब’ जोडाच्या बरोबर खाली खोक्याची पुढची भिंत यायलाच हवी.

१ फेब्रुवारी या दुरुस्तीत गेला. उपटलेल्या भोकांत फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, पण नुसत्या त्यावर भिस्त ठेवली नाही. बिजागरीचा अर्ध्या इंची स्क्रू बारा एमएममधून जवळजवळ आरपार जातो आणि त्याहून आखूड घेतला तर धरत नाही. म्हणून दर चौथ्या भोकात एम-४ चा, म्हणजे चार एमएम जाडीचा बोल्ट, वायसर आणि नट आरपार घातला. टोक घासून बोथट करा, नाहीतर गादीचं कव्हर फाटेल.

‘ब’खालचा साडेपाच सेंमीचा उतार भरायला उरलेल्या प्लायच्या तीन पाचरी केल्या, मागे जाड, पुढे निमुळत्या. त्या पलंगाला ठोकायच्या नाहीत. ठोकल्या तर ‘क’ला पोटाखाली यायला जागा राहत नाही. एका पट्टीवर तिन्ही जोडून सुट्या ठेवल्या, सीटवर मांडायच्या आणि वर ‘ब’ टाकायची.

‘क’चे पाय ४४.५ सेंमीचे, टोकाला एम-८ चा बोल्ट, आणि फळीत टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचा नळीवाला नट. टी-नटची नळी प्लायच्या जाडीपेक्षा कमी हवी, नऊ एमएमची चालते. नुसत्या दोन पायांवर पुढचा काठ मधे झुकत होता, कारण वरच्या पदराचे रेषे गाडीच्या लांबीच्या दिशेने आहेत आणि ते आडवं वजन फारसं पेलत नाहीत. तिसरा पाय मधे देता येत नाही, तिथे गाडीच्या तळाचा उंचवटा येतो. म्हणून ४ बाय ४ सेंमीची ९० सेंमी लांब दांडी, पायांचे बोल्ट तिच्यातून आरपार. पाय फिरवून आवळले की दांडी फळीला चिकटते, पाय काढले की दांडीही सुटते. डावा-उजवा तळ सहा एमएमने खालीवर निघाला, त्यासाठी फर्निचरच्या दुकानात मिळणारे फिरते पाय, म्हणजे लेव्हलिंग फूट, खाली लावले. स्क्रू, बोल्ट, टी-नट, आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) आणि हे फिरते पाय मिळून ६१० रुपये.

तिन्ही फळ्यांना ३२ एमएमच्या होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पंधरा-पंधरा सेंमीवर भोकं पाडली. वजन कमी होतं हे गौण. खरं कारण गादीखाली साठणारी ओल. अंगाची ऊब आणि गार फळी यांच्यामध्ये रात्रभर दमटपणा धरतो, आणि चार रात्रींत बुरशीचा वास येतो.

२ फेब्रुवारीपासून व्हार्निश. ८० आणि मग १८० चा सँडपेपर, दोन हात, मधे एक रात्र. भोकांचे आणि फळ्यांचे काठ तिसऱ्यांदा, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. सगळं ५४० रुपयांत. वर बोटाला कोरडं लागलं तरी बंद गाडीत वास डोळ्यांत जातो. पूर्ण आठवडाभर बाल्कनीत उभं ठेवा. घरच्यांनी या आठवड्यात जे ऐकवलं ते खर्चात धरलेलं नाही.

गादीसाठी चाळीस डेन्सिटीचा दोन इंची फोम, तिन्ही फळ्यांच्या मापाचे तीन तुकडे, १,६५० रुपये. सलग गादी घेतली तर पलंग दुमडल्यावर ती ठेवायला जागा नसते. कापड आणि शिलाई १,२३०. शिलाईवाल्याने १५ फेब्रुवारीला चार दिवसांचा वायदा केला आणि कव्हरं ३ मार्चला दिली. लग्नसराईत असलं काम नेहमी मागे पडतं, फोम आणि कापड जानेवारीतच टाकायला हवं होतं.

बांधणं हा भाग कुणी टाळू नये. अख्खा पलंग भंगारवाल्याच्या काट्यावर साडेबावीस किलो भरला. जोराचा ब्रेक लागला की हे वजन पुढच्या सीटच्या पाठीवर येतं. सीट दुमडल्यावर बाजूच्या पत्र्यात तिच्या कुलुपाच्या लोखंडी कड्या उघड्या पडतात. त्या मुळातच सीटचा भार धरायला बसवलेल्या असतात. खोक्याच्या दोन्ही बाजूंना एम-८ चे आयबोल्ट, आतून मोठे वायसर, आणि एक इंची रॅचेट बेल्टने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) त्या कड्यांना आवळायचं. दोन बेल्ट ५८० रुपये. गाडी चालवताना पलंग नेहमी घडी घातलेला. ‘क’ उघडायची ती मुक्कामी, पुढच्या सीट सरकवल्यावर. मागे माणसं बसणार असतील तर पलंग घरीच.

खिडक्यांना जाळी हवीच. दोन मीटर मच्छरदाणीचं कापड आणि इलॅस्टिक घेऊन मोज्यासारख्या पिशव्या शिवल्या, ४६० रुपये. मागच्या दाराच्या वरच्या चौकटीवरून त्या खाली ओढायच्या आणि दार लावायचं. काच खालीवर होते, डास आत येत नाहीत. आडोशासाठी गडद फिल्म मनात आणू नका. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली ते प्रकरण पोलीस अजून विसरलेले नाहीत. काचेच्या मापाचे पुठ्ठे पुरतात, तेही फक्त गाडी उभी असताना.

८ मार्चची पहिली रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढली. वॉचमनला आधी सांगून ठेवा. ही चाचणी घरापासून दहा पावलांवर असलेली बरी, कारण दोन गोष्टी तिथेच कळल्या. मागच्या दारांचा चाइल्ड लॉक लावलेला असेल तर आतून दार उघडत नाही, आणि डिकीला आतून कडी नसते. पुढच्या सीट तर सरकवून टाकलेल्या. झोपण्याआधी चाइल्ड लॉक काढणं हे आता पहिलं काम. दुसरं, सगळ्या काचा बंद ठेवल्या तर पहाटे आतून पाणी ओघळतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा दोन-दोन बोटं खाली ठेवल्यावर ते थांबलं. आत स्टोव्ह नाही, मच्छर अगरबत्ती नाही, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आळेफाटा-संगमनेर-अकोले मार्गे भंडारदरा. शेंडी गावाजवळ एका घरामागच्या खासगी जागेत पैसे देऊन गाडी लावली. उतारावर गाडी असेल तर डोकं चढाच्या बाजूला हवं, म्हणून लावतानाच विचार करा. डोकं डिकीकडे, म्हणजे ‘अ’वर. अशाने कंबर ‘ब’वर येते, जिथे खाली सीट आहे, आणि ‘क’वर फक्त पायांचं वजन राहतं. १७२ सेंमीत साडेपाच फुटाचा माणूस सरळ झोपतो, त्याहून उंच असेल तर तिरकं. ९६ सेंमी रुंदी एकाला ऐसपैस, दोघांना रेल्वेच्या बर्थहून अरुंद. छतापर्यंतची जागा इतकीच की कोपरावर रेलता येतं, ताठ बसता येत नाही. पावसात आत बसून चहा पिण्याचं स्वप्न असेल तर हॅचबॅक सोडा.

एक बदल पुढच्या वेळी नक्की करीन : ‘क’ मधोमध कापून दोन भाग. एकटा झोपणारा असेल तर ड्रायव्हरची बाजू मोकळी राहते. सध्या रात्री अचानक निघायची वेळ आली तर पाय काढा, घडी घाला, सीट मागे घ्या, यात तीन-साडेतीन मिनिटं जातात.

येताना घाटात डावीकडून कर्र कर्र आवाज येत होता. आधी वाटलं बेल्ट सैल झालाय, पण तो घट्ट होता. प्लायचा काठ चाकाच्या उंचवट्यावरच्या प्लास्टिकला घासत होता, तोच कोपरा जो पुठ्ठ्याच्या साच्यात पुढे आलेला दिसला होता. २२ मार्चला तिथे काठ चार एमएम तासला, खुर्चीच्या पायांना लावतात तसं चिकट फेल्ट लावलं आणि उघड्या पडलेल्या लाकडाला पुन्हा व्हार्निशचा हात दिला.